मोंगकुट राजावरच्या हॉलिवूड सिनेमांचा थाई लोकांना एवढा राग का?

कोरांटी

नमस्कार मंडळी. आईला जुने म्युझिकल आवडतात म्हणून परवा घरी सगळ्यांनी मिळून १९५६ चा 'द किंग अँड आय' बघितला. युल ब्रिनर सयामचा (म्हणजे जुन्या थायलंडचा) राजा मोंगकुट, डेबोरा कर इंग्लिश शिक्षिका ॲना, तिचे ते भले मोठे घेरदार झगे, गाणी, शेवटचा पोल्का डान्स, सगळ्यांना जाम आवडला. मग रात्री सहज वाचत बसले तर कळलं की थायलंडमध्ये यावर बंदी घातली होती, आणि १९९९ ला जोडी फॉस्टर आणि चाऊ युन-फॅटचा 'ॲना अँड द किंग' आला त्याच्यावरही बंदी, त्याचं तर शूटिंगसुद्धा तिकडे करू दिलं नाही, मलेशियात जाऊन करावं लागलं.

मला कळत नाहीये ते हे की सिनेमात राजा काही व्हिलन नाहीये ना? हेकट आहे, लहान मुलासारखा हट्टी आहे, पण मनाने चांगला दाखवलाय, शेवटी तर त्याच्यासाठी आपल्याला रडू येतं. मग राग नक्की कशाचा? राजाला देवासारखं मानतात म्हणून, की खरंच इतिहासाची काही मोडतोड केलीये? डिसेंबरमध्ये आम्ही फॅमिली बँकॉकला जातोय, तिथे कोणाशी यावर बोललं तर चालतं का हेही सांगा. आणि प्लीज, "तिकडचे लोक मागास आहेत" टाइप उत्तरं नकोत, मला खरंच समजून घ्यायचंय.

सुखुमवितकर

कोरांटी ताई, विचारलंत ते बरं केलं. मी नोकरीमुळे बरीच वर्षं बँकॉकमध्ये आहे. आमच्या ऑफिसात एक वयाने मोठ्या थाई बाई आहेत, त्यांच्याशी एकदा जेवताना हा विषय निघाला होता. त्या चिडल्या वगैरे नाहीत, एवढंच म्हणाल्या की परदेशात आमच्या मोंगकुट राजाचं नाव घेतलं की लोकांना नाचणारा राजा आठवतो, आम्ही शाळेत जो माणूस शिकलो तो कोणालाच माहीत नसतो. मला ते फार लागलं आणि मग मी यावर वाचत गेलो.

तुम्ही जे लिहिलंय ना, लहान मुलासारखा पण मनाने चांगला, नेमकं तेच त्यांना खुपतं. खलनायक दाखवला असता तर कदाचित एवढं लागलं नसतं.

खरा माणूस कसा होता ते बघा. मोंगकुट म्हणजे आताच्या राजघराण्यातले चौथे राजे, म्हणून त्यांना चौथा राम म्हणतात, जन्म १८०४. गादीवर यायच्या आधी २७ वर्षं ते बौद्ध भिक्खू होते, राजवाड्यात नाही, विहारात. पाली ग्रंथांचा अभ्यास केला, भिक्खूसंघातल्या ढिल्या झालेल्या आचाराला शिस्त लावली आणि थम्मयुत नावाचा पंथ काढला जो आजही आहे. फ्रेंच बिशप पालेग्वा यांच्याकडून लॅटिन शिकले, अमेरिकन मिशनऱ्यांकडून इंग्लिश शिकले, त्यांच्याशी धर्मावर वाद घालायचे. १८५१ ला राजा झाले तेव्हा वय ४६. ॲना १८६२ च्या मार्चमध्ये बँकॉकला पोचली तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. फोटो आहेत त्यांचे, अंगाने बारीक, थकलेले गृहस्थ दिसतात. युल ब्रिनरची ती उघडी छाती आणि कमरेवर हात ठेवून उभं राहणं त्या फोटोशेजारी ठेवून बघा म्हणजे थाई माणसाला काय वाटत असेल ते कळेल.

आता सिनेमात बघा, इंग्रजांचा दूत येणार म्हणून राजा घाबरलाय, आपल्याला रानटी समजतील म्हणून, आणि ॲना त्याला युरोपियन पद्धतीची मेजवानी कशी द्यायची ते शिकवते आणि देश वाचतो. प्रत्यक्षात सर जॉन बाउरिंग १८५५ ला आला आणि मोंगकुटने त्याच्याशी तह केला, म्हणजे ॲना यायच्या सात वर्षं आधी. तो तह सयामसाठी सोपा नव्हता, आयात कर ३ टक्क्यांवर आणावा लागला, इंग्रज प्रजेवर सयामच्या कोर्टात खटला चालणार नाही हे मान्य करावं लागलं. पण शेजारी काय चाललं होतं ते बघा, १८५२ च्या युद्धात इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश घेतला, १८६३ मध्ये फ्रान्सने कंबोडियावर आपलं संरक्षण लादलं. या दोघांच्या मध्ये राहून देश गुलामीत जाऊ दिला नाही ही मोंगकुट आणि त्यांच्या मुलाची, चुलालोंगकोर्नची कमाई आहे असं इथला प्रत्येक माणूस मानतो. आणि सिनेमा म्हणतो की ही अक्कल एका इंग्लिश बाईने दिली.

हत्तींचं पण तसंच. म्युझिकलमध्ये राजा अमेरिकेच्या लिंकनला हत्ती पाठवायचं म्हणतो तो विनोद म्हणून वापरलाय. खरं पत्र १४ फेब्रुवारी १८६१ चं आहे, अमेरिकेचं यादवी युद्ध तेव्हा सुरूही झालं नव्हतं आणि ॲनाचा बँकॉकशी संबंधही नव्हता. त्यात राजाने नीट विचार करून लिहिलंय की नर-मादीच्या जोड्या पाठवतो, जंगलात सोडा, वाढतील आणि ओझी वाहायला उपयोगी पडतील. उत्तर लिंकनने १८६२ च्या फेब्रुवारीत दिलं, सभ्यपणे नाही म्हटलं, आमच्याकडचं हवामान हत्तींना मानवणार नाही आणि वाहतुकीला वाफेची इंजिनं आहेत म्हणून.

आणि शेवट. सिनेमात राजा टुपटिमला, म्हणजे पळून गेलेल्या जनानखान्यातल्या तरुणीला, चाबकाने मारू शकत नाही, ॲनासमोर खचतो आणि त्यातच जातो. ॲना जुलै १८६७ ला सयाम सोडून गेली होती. राजा वारला १ ऑक्टोबर १८६८ ला, मलेरियाने. आणि मलेरिया झाला कशाने, तर सूर्यग्रहण बघायला दलदलीच्या किनाऱ्यावर गेले म्हणून. खग्रास ग्रहण कुठे आणि किती वाजता दिसणार याचं गणित त्यांनी स्वतः केलं होतं, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांना आणि सिंगापूरच्या इंग्रज गव्हर्नरला बोलावून घेतलं होतं, आणि ते गणित बरोबर आलं. विज्ञानाच्या नादात माणसाने जीव दिला आणि जगाने बघितलं काय, तर एका मॅडमच्या नजरेने लाजून मेला. मला तर परका असून याचा राग येतो.

भिंगारवाला

सुखुमवितकर दादांनी राजाची बाजू मांडली, मी ॲनाची मांडतो कारण ती आमच्या गावची आहे. हो, नगरची. आत्ताचं अहिल्यानगर. बरेच जणांना हे माहीतच नसतं.

तिने आयुष्यभर सांगितलं की माझा जन्म वेल्समधल्या कार्नार्वनचा, १८३४ चा, वडील लष्करात कॅप्टन, नवरा मेजर, तो सिंगापूरला वाघाच्या शिकारीनंतर उन्हाने वारला. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही. ती जन्मली नोव्हेंबर १८३१ मध्ये अहमदनगरच्या छावणीत, नाव ॲन हॅरिएट एडवर्ड्स. बाप सुतारकाम करणारा, मुंबईच्या सॅपर्समध्ये (लष्कराच्या बांधकाम तुकडीत) भरती झालेला सार्जंट, तो तिच्या जन्माआधीच गेला. आईची आई बहुतेक इथलीच, हिंदी किंवा मिश्र रक्ताची असावी असं अभ्यासक म्हणतात. आईने दुसरं लग्न एका आयरिश शिपायाशी केलं. ॲनाचं लग्न पुण्यात झालं, १८४९ च्या नाताळच्या दिवशी, नवरा थॉमस लिऑन ओवेन्स म्हणजे क्लार्क, मेजर वगैरे नाही. नवऱ्याचं मधलं आणि शेवटचं नाव जोडून लिओनोवेन्स केलं. तो वारला पेनांगला १८५९ मध्ये, तेव्हा हॉटेल चालवायचा. दोन मुलं आधीच गेली होती, दोन पदरात.

हे सगळं बाहेर कसं आलं तेही ऐका. ब्रिस्टो नावाचा एक इंग्रज, खरा धंदा कोळ्यांच्या अभ्यासाचा, म्हणजे जाळं विणणारे कोळी, तो तिच्या मुलाचं, लुईचं चरित्र लिहायला बसला आणि सरकारी दप्तरात तारखा जुळेनात म्हणून खणत गेला. ते पुस्तक १९७६ ला आलं. म्हणजे १९५१ चं नाटक आणि १९५६ चा सिनेमा निघाला तेव्हा सगळं जग तिला वेल्सची कुलीन बाई समजून चाललं होतं. आणखी एक, हॉलिवूडच्या भयपटांत राक्षसाचं काम करणारा बोरिस कार्लोफ आठवतो का, तो तिच्या सख्ख्या बहिणीचा नातू.

थाई लोकांचा मुद्दा मला याच्यामुळे अजून पटतो. जिने स्वतःचा जन्म, बाप, नवरा सगळं बनवून सांगितलं तिच्या शब्दावर भरवसा ठेवून एका देशाच्या राजाची प्रतिमा दीडशे वर्षं चालू आहे.

नाट्यवेडी

भिंगारवाला, माहिती भारी, पण शेवटचं वाक्य मला टोचलं म्हणून लिहितेय. ती खोटं का बोलली त्याचा पण विचार करा ना. १८५९ ला परमुलखात विधवा, दोन लहान मुलं, पैसा नाही. त्या काळात छावणीतल्या मिश्र रक्ताच्या सार्जंटच्या मुलीला इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांना शिकवायचं काम कोणी दिलं असतं का? वेल्सची बाई झाली म्हणून सिंगापूरला शाळा काढू शकली, आणि तिथूनच सयामच्या तिथल्या प्रतिनिधीमार्फत राजाकडचं बोलावणं आलं. जन्म लपवणं हा तिचा जगण्याचा मार्ग होता आणि मला त्यात तिचा दोष दिसत नाही. पुढे कॅनडात हॅलिफॅक्सला तिने कलाशाळा काढायला मदत केली ती अजून चालू आहे, बाई कर्तबगार होती यात वाद नाही.

पण राजाबद्दल जे लिहिलं ते वेगळं. सयामच्या दिवसांवर तिने दोन पुस्तकं लिहिली. १८७० च्या पुस्तकापर्यंत एकवेळ ठीक, १८७३ चं दुसरं पुस्तक जनानखान्याच्या गोष्टींचं, त्यात टुपटिमची कथा आहे, की राजाच्या एका बायकोला आणि तिच्या भिक्खू प्रियकराला छळून सगळ्यांसमोर जिवंत जाळलं. याला सयामच्या कुठल्याही कागदात किंवा तेव्हा बँकॉकमध्ये राहणाऱ्या दुसऱ्या कोणा युरोपियनच्या लिखाणात आधार सापडत नाही, आणि तिथे तेव्हा मिशनरी होते, व्यापारी होते, अशी गोष्ट कोणी लिहिल्याशिवाय राहिला नसता. राजवाड्याखालची तळघरं आणि अंधारकोठड्या तिने वर्णन केल्यात, तर ग्रँड पॅलेस चाओ फ्राया नदीच्या काठाला आहे, थोडं खणलं की पाणी लागतं, तिथे तळघर बांधणार कुठे? उलट मोंगकुटने तर हुकूम काढला होता की राजवाड्यातल्या ज्या बायकांना बाहेर जाऊन संसार करायचाय त्यांनी जावं, मुलं झालेल्या राण्या सोडून. तिला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. लेखनावर पोट होतं आणि तेव्हाच्या अमेरिकेत गुलामगिरीविरुद्धच्या गोष्टींना वाचक होता.

तरी पण एक गोष्ट थाई बाजूने सहसा बोलली जात नाही ती मी बोलते. गुलामगिरी तिथे होती. शेवटचा कायदा होऊन ती पूर्ण बंद झाली १९०५ मध्ये, चुलालोंगकोर्न राजाच्या काळात. शेकडो बायका आतल्या राजवाड्यात बंद असायच्या हेही खरं. ॲनाने गोष्टी रचल्या म्हणून त्या बायकांचं आयुष्य सुखाचं होतं असं होत नाही. सिनेमाने त्या बायकांचा वापर फक्त ॲना किती दयाळू हे दाखवायला केला, आणि सिनेमावर रागावणारे त्या बायकांचं नावच काढत नाहीत. मला या दोन्हीचा त्रास होतो.

नाटकाच्या बाजूने अजून एक. १९४६ च्या सिनेमात राजा झाला रेक्स हॅरिसन, इंग्रज. १९५१ पासून युल ब्रिनर, जन्म रशियातल्या व्लादिवोस्तोकचा, आणि त्याला यासाठी ऑस्कर पण मिळालं. १९९९ ला चाऊ युन-फॅट, हाँगकाँगचा, टुपटिम झाली चिनी नटी. तीन सिनेमे, आणि एकातही राजाच्या भूमिकेत थाई माणूस नाही. गाणी मला आजही आवडतात, पण ती तुटक व्याकरणातली इंग्लिश राजाच्या तोंडी ऐकली की आता कसंतरी होतं, कारण मोंगकुटची खरी पत्रं वाचलीत तर इंग्लिश थोडं विचित्र असलं तरी शब्दांचा साठा असा आहे की आपल्याला डिक्शनरी घ्यावी लागेल.

उलटतपासणी

सगळं वाचलं, इतिहासाबद्दल वाद नाही, सिनेमे चुकीचे आहेत हे मान्य. पण बंदीबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो.

थायलंडच्या फौजदारी कायद्यात कलम ११२ आहे. राजा, राणी, युवराज किंवा राजाच्या जागी कारभार बघणारा यांचा अपमान केला तर प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं कैद. कायद्यात लिहिलंय त्यावरून हे हयात असलेल्यांसाठी आहे असं वाटेल. पण २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एका माणसाला दोषी धरलं ते चौथ्या रामाबद्दल, म्हणजे याच मोंगकुट राजाबद्दलच्या बोलण्यावरून. रेडिओवर बोलताना त्याने त्या राजाच्या काळातल्या गुलामगिरीचा उल्लेख केला होता. राजा जाऊन १४० वर्षांच्या वर झाली होती. नाट्यवेडी ताईंनी वर जे गुलामगिरीबद्दल लिहिलं ते थायलंडमध्ये बसून लिहिणं किती अवघड आहे याचा विचार करा.

दुसरं उदाहरण सुलक सिवरक्ष यांचं, तिथले फार मोठे विचारवंत, वयोवृद्ध. २०१४ मध्ये एका भाषणात त्यांनी शंका घेतली की नरेसुआन राजाने १५९३ मध्ये ब्रह्मी युवराजाला हत्तीवरच्या द्वंद्वात मारलं ही गोष्ट खरंच तशी घडली का. चारशे वर्षांपूर्वीची घटना! त्यावर केस झाली आणि ती मागे घेतली २०१८ च्या जानेवारीत.

म्हणून मला असं वाटतं की परदेशी सिनेमावरचा राग आणि घरातल्या इतिहासकाराचं तोंड बंद करणं हे एकाच कायद्याच्या सावलीत होतं. सामान्य थाई माणसाचं दुखणं खरं असेल, मी ते नाकारत नाही, पण सरकार ते दुखणं वापरून घेतं. हॉलिवूडला थाई बंदीने काय फरक पडला, काही नाही. फरक पडतो तो तिथे राहून मोंगकुटवर खरंखुरं, चांगलं-वाईट दोन्ही लिहू पाहणाऱ्या थाई लेखकाला. राजा स्वतः मिशनऱ्यांशी समोरासमोर वाद घालायचा आणि त्याच्या नावावर वाद बंद, हे मला सहन होत नाही.

कोरांटी

बाप रे, एवढं सगळं असेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे खूप आभार. नगरचा भाग तर मी आईला वाचून दाखवला, तिचं माहेर नगरचं, तिला पण माहीत नव्हतं.

दोन गोष्टी विचारायच्यात. १९९९ च्या सिनेमाने म्हणे थाई लोकांचं ऐकून बदल केले होते, राजा जास्त शहाणा दाखवला वगैरे, मग तरी का नाकारला? आणि या सगळ्याला थाई लोकांनी बंदी सोडून दुसरं काही उत्तर दिलं का कधी, म्हणजे आमचा राजा असा होता म्हणून?

सुखुमवितकर

आधी उलटतपासणी यांना. तुमचा मुद्दा मी वाचला आणि समजला. मी इथे राहतो त्यामुळे त्या कायद्यावर मी उघडपणे जास्त लिहिणार नाही, तुम्ही समजून घ्याल. एवढंच म्हणतो की लोकांचं दुखणं कायद्यामुळे तयार झालेलं नाही, ते त्याच्याशिवायही आहे, आणि ते वेगळं ओळखता आलं पाहिजे.

कोरांटी ताई, १९९९ चं सांगतो. स्क्रिप्ट इथल्या फिल्म बोर्डाकडे गेली होती, बदल करून परत गेली, तरी परवानगी नाही मिळाली. मग त्यांनी मलेशियात इपोह, पेनांग, लंकावी असं शूट केलं. राजा शहाणा दाखवला हे खरं, चाऊ युन-फॅटने काम पण मनापासून केलंय. पण कथेचा कणा तोच राहिला ना, राजा आणि शिक्षिका एकमेकांच्या प्रेमात. ज्याला काडीचा आधार नाही. राजाच्या कागदपत्रांत ॲनाचा उल्लेख अगदी तुरळक आहे, ती पत्रव्यवहारात मदत करायची आणि मुलांना-राण्यांना इंग्लिश शिकवायची, तेवढंच. आणि हे काम करणारी ती पहिलीही नव्हती, अमेरिकन मिशनऱ्यांच्या बायका तिच्या दहा-एक वर्षं आधी राजवाड्यात जाऊन शिकवत होत्या, पण त्या धर्मप्रसार करायला लागल्या म्हणून ते थांबलं, म्हणूनच ॲनाला बोलावताना राजाने पत्रात स्पष्ट लिहिलं की शिकवा पण धर्मांतराचा प्रयत्न नको. वर त्या सिनेमात एक सेनापती अलक घातलाय जो बंड करतो, राजाला संपवायला निघतो. असा सेनापती नव्हता आणि असं बंड झालं नाही. म्हणजे प्रेम खोटं, बंड खोटं, टुपटिमचा शिरच्छेद खोटा, आणि सगळं खऱ्या राजाच्या खऱ्या नावाने. नाव बदलून एखादं काल्पनिक राज्य केलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती असं मला अनेकांनी सांगितलंय.

यात अजून एक गोष्ट बाहेरून कळत नाही. इथे थिएटरमध्ये सिनेमाच्या आधी राजगीत लागतं, आपल्याकडे राष्ट्रगीताला उभं राहतो तसे लोक उभे राहतात. त्याच पडद्यावर दोन मिनिटांनी त्याच घराण्याचा राजा परक्या बाईच्या कमरेला हात घालून नाचताना दाखवायचा, हे किती अवघड आहे ते ज्याने बँकॉकच्या थिएटरात ते राजगीत उभं राहून ऐकलंय त्यालाच समजेल.

आता उत्तराचं. दिलं ना, आणि फार सुंदर दिलं. ॲनावरची मार्गारेट लँडनची कादंबरी १९४४ ला अमेरिकेत आली तेव्हा तिथे थायलंडचे राजदूत होते सेनी प्रामोज. ते आणि त्यांचे भाऊ कुकरित, दोघेही राजघराण्यातलेच, त्यांनी रागावून निषेधपत्र काढत बसण्यापेक्षा मोंगकुटची स्वतःची पत्रं, हुकूमनामे, जाहीरनामे जमवले आणि त्यांचं इंग्लिश केलं, १९४८ पर्यंत हस्तलिखित तयार होतं. उद्देश एकच, राजाला स्वतःच्या तोंडाने बोलू द्या. ते त्यांनी अमेरिकन परराष्ट्र खात्यातल्या ॲबट लो मॉफट यांना दिलं आणि त्यावरून मॉफट यांनी १९६१ ला राजाचं चरित्र काढलं. ते हुकूमनामे वाचताना हसू येतं आणि आदरही वाटतो, हा राजा लोकांना मेलेली जनावरं नदीत टाकू नका, चोर येतात म्हणून खिडक्यांना नीट कड्या लावा असल्या गोष्टी समजावून सांगतो. जुलमी माणूस असं लिहीत बसत नाही. हे कुकरित पुढे १९६३ ला मार्लन ब्रँडोबरोबर एका हॉलिवूड सिनेमात आशियाई पंतप्रधान झाले आणि १९७५ ला खरोखरचे थायलंडचे पंतप्रधान झाले.

थायलंडचे तेव्हाचे राजे भूमिबोल १९६० ला अमेरिका दौऱ्यावर गेले तेव्हा त्यांनाही यावर विचारलं होतं, तर बहुतेक सगळी अतिशयोक्ती आहे, आमचे पणजोबा सौम्य होते असं शांतपणे सांगितलं गेलं. आणि नंतर इथे स्वतःचे ऐतिहासिक सिनेमे निघाले, २००१ ला 'सुरियोथाई', मग २००७ पासून नरेसुआन राजावरची मालिका, राजघराण्यातल्याच दिग्दर्शकाने काढलेली, हजारो माणसं, हत्ती, लढाया. ते पण इतिहास जसाच्या तसा सांगतात असं नाही, गौरवाचे सिनेमे आहेत, पण त्यात राजाच्या भूमिकेत थाई नट असतो, थाई बोलतो.

उलटतपासणी

प्रामोज बंधूंचं माहीत नव्हतं, धन्यवाद. मी म्हणतो तो मार्ग हाच. त्या हस्तलिखिताने जे केलं ते दोन बंद्यांनी नाही केलं. फक्त हे लक्षात घ्या की ते उत्तर इंग्लिशमध्ये, बाहेरच्यांसाठी होतं. घरात त्या राजाबद्दल मोकळी चर्चा व्हायला अजून जागा नाही आणि तोवर परदेशी सिनेमेवाल्यांना पण "तुमच्याकडे कोणी बोलतच नाही तर आम्ही कोणाला विचारणार" असं म्हणायला निमित्त मिळतं.

नाट्यवेडी

निमित्त नको द्यायला त्यांना. मॉफटचं चरित्र १९६१ पासून लायब्ररीत आहे, ॲनाच्या जन्माचा घोळ १९७६ पासून छापून आलेला आहे. १९९९ च्या सिनेमावाल्यांनी हे सगळं वाचून मग तरी प्रेमकथा केली. त्यांना कळायला मार्ग नव्हता असं मुळीच नाही, त्यांना ती कथा हवी होती.

ग्रहणवेडा

सुखुमवितकर यांनी ग्रहण एका ओळीत उरकलं म्हणून मला लिहावंच लागतंय. ते १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण! त्याच्या सावलीचा पट्टा आधी आपल्यावरून गेला आणि मग सयामवर. आपल्याकडे विजयदुर्गावर दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन करतात तो याच ग्रहणाचा. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता, त्याने सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला आणि त्या काळातल्या निरीक्षणांतूनच पुढे हेलियमचा शोध लागला. आणि त्याच दिवशी, थोड्याच वेळाने, सयामच्या आखाताच्या किनाऱ्यावर वा को गावात मोंगकुट राजा दुर्बीण घेऊन उभा होता. तिथे खग्रास स्थिती साडेसहा मिनिटांपेक्षा जास्त टिकली, एवढं लांब ग्रहण फार क्वचित मिळतं. दरबारातले ज्योतिषी अशा ग्रहणावर विश्वास ठेवायला तयार नव्हते, राजाने पाश्चात्य पद्धतीने गणित करून जागा आणि वेळ काढली होती. थायलंडमध्ये १८ ऑगस्ट हा राष्ट्रीय विज्ञान दिन आहे आणि मोंगकुटना ते थाई विज्ञानाचे जनक म्हणतात. विजयदुर्गाला आम्ही जातो तेव्हा मी मुलांना दोन्ही गोष्टी सांगतो.

त्या म्युझिकलमध्ये ॲना राजाच्या मुलांना जगाचा नकाशा दाखवते आणि सयाम एवढुसा बघून ती विश्वासच ठेवत नाहीत, असा सीन आहे ना? ज्याच्या खोलीत पृथ्वीगोल आणि दुर्बिणी होत्या त्याची मुलं ही. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा अन्याय तिथे आहे, डान्समध्ये नाही.

भिंगारवाला

ग्रहणवेडा +१. आणि भारताशी अजून एक धागा आहे. वडिलांबरोबर वा को ला गेलेला चुलालोंगकोर्न पण आजारी पडला होता, वाचला, १५ व्या वर्षी राजा झाला. तो १८७२ मध्ये हिंदुस्थान बघायला आला होता, कलकत्ता, दिल्ली, आग्रा करत मुंबईपर्यंत. इंग्रज राज्य कसं चालवतात ते बघायला. म्हणजे ॲनाचा विद्यार्थी ॲनाच्या माहेरच्या मुलखात येऊन गेला आणि त्याला ते कधी कळलंच नसेल, कारण बाईंनी वेल्स सांगितलेलं. पुढे १८९७ ला लंडनमध्ये दोघांची भेट झाली.

कोरांटी

आता बघायची यादीच बदलली माझी. वा को बँकॉकपासून किती लांब आहे, लहान मुलं बरोबर असताना जमेल का? आणि बोलण्याबद्दलचं राहिलं, तिथे कोणाशी हा विषय काढू की नको?

सुखुमवितकर

वा को प्रचुआप खिरी खान शहराच्या थोडं दक्षिणेला आहे, बँकॉकपासून २८०-३०० किलोमीटर धरा. एका दिवसात जाऊन येऊन मुलं दमतील, हुआ हिनला एक मुक्काम करा, ती दक्षिणेकडची ट्रेन पुढे प्रचुआपला थांबते, तिथून टॅक्सी. तिथे राजाच्या नावाने विज्ञान पार्क आहे, मत्स्यालय आहे, मुलांना आवडेल.

विषय काढण्याबद्दल, अनोळखी माणसाशी सिनेमापासून सुरुवात करू नका. ग्रहणापासून करा, विजयदुर्गाचं सांगा. समोरच्याला बोलायचं असेल तर सिनेमाचं तो स्वतःच काढेल. आताच्या राजघराण्यावर मत, तुलना, विनोद काहीच नको, मुलांनाही आधी सांगून ठेवा. आणि राजाचं चित्र असलेली नोट खाली पडून उडायला लागली तर पाय ठेवून थांबवू नका, हाताने उचला. यायच्या आधी मेसेज करा, हुआ हिनची हॉटेलं सुचवतो.